पेढीवरचे त्रैराशिक

सहावीच्या पाठ्यपुस्तकात गुणोत्तर-प्रमाणाचे प्रकरण येते, तेव्हा व्यापारी घरातील मुलाला ते परके वाटू नये, अशी अपेक्षा असते. अनुभव पुष्कळदा उलट येतो. ज्या दुकानात दिवसभर किलोचा, डझनाचा आणि शेकड्याचा हिशेब चालतो, त्याच दुकानाच्या माडीवर अभ्यासाला बसलेले मूल ३:२ या दोन अंकांपाशी अडखळते. अडचण पाढ्यांची नसते. दोन राशींची तुलना वजाबाकीने करावी की भागाकाराने, हा निर्णय त्याला साधत नाही.

महाड-पोलादपूर हा भातशेतीचा मुलूख, म्हणून उदाहरण भाताचेच घ्यावे. शंभर किलो भाताची भरडाई केली की साधारण सदुसष्ट किलो तांदूळ मिळतो. म्हणजे भात आणि तांदूळ यांचे गुणोत्तर जवळजवळ ३:२. तीस क्विंटलांचे वीस क्विंटल झाले, तर पंचेचाळीस क्विंटलांचे किती? ‘दहा कमी होतात’ असे धरून बसलेले मूल पस्तीस म्हणते. बरोबर उत्तर तीस. वहीत ही चूक एका गुणाची असते. पण त्या हिशेबावर गिऱ्हाइकाला शब्द दिला असेल, तर उरलेले पाच क्विंटल बाजारातून विकत घेऊन तो पाळावा लागतो.

आपल्या पूर्वजांनी ही रीत तीन शब्दांत बांधली होती : प्रमाण, फल आणि इच्छा. फलाला इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे, हेच त्रैराशिक. इथे प्रमाण ३०, फल २० आणि इच्छा ४५. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात जैन गणितज्ञ महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात त्रैराशिकाबरोबरच व्याज आणि प्रमाणानुसार वाटणी यांचेही विवेचन आहे. हाच ग्रंथ १९६३ साली सोलापूरहून हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला.

मात्र रीत पाठ झाली म्हणजे समज आली असे नव्हे. सहा हमाल एक ट्रक दोन तासांत उतरवत असतील, तर त्याच वेगाने काम करणाऱ्या चार हमालांना तीन तास लागतील. येथे एक राशी घटली की दुसरी वाढते, म्हणून हे व्यस्त प्रमाण. काही ठिकाणी तर दोन्ही प्रमाणे लागू पडत नाहीत. महाडहून पोलादपूरपर्यंत महामार्गाने धावणारी गाडी पुढे आंबेनळी घाट चढू लागली, की अंतर दुप्पट म्हणून वेळही दुप्पट हा हिशेब मोडतो, कारण वेग तोच राहत नाही. विक्री दुप्पट झाली तरी गाळ्याचे भाडे तेवढेच राहते. म्हणून सूत्र लावण्यापूर्वी ‘दर कायम आहे का?’ हा प्रश्न मुलाने विचारायला शिकले पाहिजे.

या समजेची खरी परीक्षा भागीदारीत होते. थोरल्या भावाने तीन लाख रुपये वर्षभर गुंतवले, धाकट्याने दोन लाख केवळ शेवटचे सहा महिने. नफा ऐंशी हजार. भांडवलाच्या ३:२ या गुणोत्तराने थोरल्याला अठ्ठेचाळीस हजार आणि धाकट्याला बत्तीस हजार येतात. काळही धरला, तर ३ × १२ आणि २ × ६, म्हणजे ३६:१२, अर्थात ३:१. मग वाटणी साठ हजार आणि वीस हजार अशी होते. फरक बारा हजारांचा. वाटणी कोणत्या गुणोत्तराने व्हावी हे करारात आधीच लिहिलेले असेल, तर प्रश्न अंकगणिताचा राहतो. नसेल, तर तो घराचा होतो.

यासाठी वेगळ्या शिकवणीची गरज नाही. रविवारी मुलाला गल्ल्यापाशी बसवावे, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवावा आणि आकडेमोडीआधी एवढेच विचारावे : उत्तर वाढेल की घटेल, आणि का? त्या ‘का’चे उत्तर मुलाने स्वतःच्या शब्दांत दिले, की पुढचा गुणाकार-भागाकार त्याचा तोच करील.