विकत घेतले, पण मालकी कोणाची?

वस्तू महाग म्हणजे ती उत्तम आणि उत्तम म्हणजे टिकाऊ, हे समीकरण मध्यमवर्गीय मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले आहे. एकदाच घ्यावे, पण चांगले घ्यावे, ही घरातील वडीलधाऱ्यांची शिकवण त्यातूनच आली. तांब्या-पितळेची भांडी, शिवणयंत्र, सायकल, भिंतीवरचे घड्याळ यांनी ती शिकवण खरीही ठरवली. आज मात्र लाखाच्या घरातील वस्तू दोन पावसाळ्यांत बंद पडते आणि ती उघडून पाहण्याचा अधिकारही तिच्या धन्याला उरत नाही. महागड्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. वस्तू लहान असली, तरी तिने उभा केलेला प्रश्न लहान नाही.

सन २००८ च्या सुमारास जगभरात वर्षाला ११ कोटींच्या आसपास असे लहान कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडत होते. मोबाइलने ते काम गिळंकृत केले आणि २०२३ मध्ये हा आकडा १७ लाखांच्या आसपास आला. सर्वसामान्यांचा स्वस्त कॅमेरा संपला. जो उरला तो रसिकाचा, हौशीचा आणि म्हणूनच महागडा. कास पठारावरील रानफुले टिपणारा साताऱ्यातील निवृत्त शिक्षक किंवा कृष्णाकाठची पाखरे न्याहाळणारा सांगलीतील डॉक्टर हा त्याचा ग्राहक. त्याच्या दृष्टीने ही खरेदी म्हणजे अनेक महिन्यांची बचत असते.

नाजूकपणाचे मूळ

अशा बहुतेक कॅमेऱ्यांची लेन्स चालू करताच टप्प्याटप्प्याने बाहेर येते आणि बंद करताच पोटात जाते. या प्रत्येक हालचालीबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते. हवेबरोबर धूळ जाते आणि कासच्या पावसाळी धुक्यात ओलावाही जातो. आतील सेन्सरवर धुळीचा एक कण बसला, की प्रत्येक छायाचित्रावर त्याच जागी डाग उमटू लागतो. लेन्स सुटी करता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात तो कण साफ करता येतो. येथे लेन्स पक्की बसवलेली असल्याने त्यासाठी संपूर्ण यंत्र खोलावे लागते. लेन्सची नळी सरकवणारी बारीक दातेरी चाके अनेकदा प्लॅस्टिकची असतात. कागदासारखी पातळ विद्युतपट्टी हजारो वेळा दुमडली जाते आणि एके दिवशी तुटते. वरचे कवच धातूचे आणि रुबाबदार असते, पण आयुष्य ठरवतात ती आतली चाके आणि ती पट्टी. किंमत डोळ्यांना दिसणाऱ्या भागाची घेतली जाते आणि काटकसर न दिसणाऱ्या भागात केली जाते.

यापुढची वाट सातारा-सांगलीचा ग्राहक चांगलीच ओळखून आहे. ज्या दुकानातून वस्तू घेतली तो दुकानदार हात वर करतो, कारण दुरुस्ती त्याच्या अखत्यारीत नाही. अधिकृत सेवाकेंद्र पुण्यात किंवा मुंबईत. साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुपटीहून अधिक. कॅमेरा कुरिअरने रवाना होतो. काही आठवड्यांनी उत्तर येते, की आत ओलावा आढळला असल्याने वॉरंटी लागू नाही. किंवा दोष एका चाकात असला तरी संपूर्ण लेन्स-संच बदलावा लागेल. खर्चाचा अंदाज मूळ किमतीच्या निम्म्यावर जातो. ग्राहकाने नकार दिला, तर तपासणीचे शुल्क भरून बंद कॅमेरा परत घ्यायचा. या साऱ्या प्रवासात ज्या माणसाने यंत्र उघडून पाहिले, त्याच्याशी ग्राहकाचे एकदाही बोलणे होत नाही. दोष काय होता, कशाने झाला, पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, हे सांगणारे कोणी नसते.

कंपनीच देशांतर करून किंवा व्यवसाय गुंडाळून गेली, तर तेवढीही वाट उरत नाही. कॅसिओने २०१८ मध्ये लहान कॅमेऱ्यांचा व्यवसाय थांबवला. ऑलिंपसने आपला कॅमेरा विभाग विकला आणि जानेवारी २०२१ पासून तो दुसऱ्याच हाती गेला. टोकियोतील एका बैठकीत झालेल्या निर्णयाचे पडसाद साताऱ्याच्या राजपथावरील आणि सांगलीच्या गणपती पेठेतील कपाटापर्यंत पोहोचतात, हे परावलंबनाचे अगदी साधे रूप होय.

कंपन्यांची बाजू अगदीच निराधार नाही. इतक्या लहान जागेत इतकी यंत्रणा बसवायची तर जुळणी सूक्ष्म असणार, लेन्सची रेषा केसभर सरकली तरी चित्र बिघडणार, हे मान्य करावे लागेल. परंतु यावरून दुरुस्ती कठीण आहे एवढेच सिद्ध होते. सुटे भाग विकू नयेत, माहितीपत्रके दडवून ठेवावीत आणि गावातील जाणकार कारागिराला हात लावू देऊ नये, हे त्यातून सिद्ध होत नाही. ती यंत्राची गरज नसून व्यापाराची सोय आहे.

या मातीचा धडा

यंत्र उघडून समजून घेण्याची परंपरा दक्षिण महाराष्ट्राला नवी नाही. शेजारच्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः घडवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. तरीही बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये त्यावर ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला. त्यांच्यापाशी परदेशी कंपनीचे प्रशिक्षण नव्हते. यंत्र खोलून पाहण्याची मुभा आणि जिद्द होती. आजच्यासारखी सीलबंद पेटी त्यांच्या हाती आली असती, तर ती विद्या कोल्हापुरात उभीच राहिली नसती.

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचा इतिहासही तेच सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगावातील सायकलींच्या दुकानातून झाला. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजापोटी शेतकरी तो घेईनात. विक्रीसाठी मोठी प्रतीक्षा करावी लागली. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळची माळरानाची जागा दिली आणि १९१० मध्ये तेथे कारखान्याची वसाहत उभी राहिली. नांगर शेतकऱ्याच्या पसंतीस उतरला तो त्याच्या शेतात, त्याच्या बैलांमागे. असा नांगर मोडला तर गावच्या लोहाराच्या भात्यापाशी त्याला काही ना काही उपाय मिळत असे. सातारा रोड येथे धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यात १९३३ मध्ये तयार झालेल्या डिझेल इंजिनाची परंपराही याच जातीची. अशी इंजिने खेड्यापाड्यांत टिकली, कारण ती उघडणारा, समजणारा आणि पुन्हा चालू करणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी भेटत असे.

याहून सूक्ष्म कामाचा दाखला हवा असेल, तर मिरजेला जावे. तेथील सतार-तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारी. पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील भोपळा आणून ते जे वाद्य घडवतात, त्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारा घासून खाच पडते आणि आवाज बोथट होतो. तेव्हा गवई तंबोरा मिरजेला आणतो आणि कारागीर जवारी पुन्हा लावून देतो. अंशमात्र घासण्याचे हे काम लेन्सच्या जुळणीइतकेच नाजूक आहे. मात्र येथे घडवणारा आणि दुरुस्त करणारा एकच आहे, आणि तो गवयासमोर बसून सूर ऐकत काम करतो. आपण घडवलेली वस्तू उद्या आपल्याच दारी परत येणार, हे ज्याला ठाऊक असते, तो ती घडवताना कुचराई करत नाही. वस्तूच्या दर्जाचे खरे रहस्य येथे आहे. दुरुस्तीची जबाबदारी ज्याने झटकली, त्याची घडणही सैल होते.

कायद्याचे बळ

ग्राहक हा अर्थव्यवस्थेतील राजा असल्याचे ढोल वाजत असताना तो प्रत्यक्षात असंघटित आणि म्हणून दुर्बळ आहे, हे ओळखून बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे अशा चळवळींचे तप आहे. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने लहान शहरांतील ग्राहकाला मोठा आधार दिला. तक्रार करण्यासाठी आता कंपनीच्या गावी जावे लागत नाही. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे साताऱ्यात वा सांगलीत, दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर दिली नसेल आणि ३० दिवसांत तो परत घेऊन पैसे देण्यास विक्रेत्याने नकार दिला, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

मोटारींच्या बाबतीत स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र मेकॅनिकांपासून अडवून ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. या आदेशाला पुढे आव्हान दिले गेले, तरी त्यामागील प्रश्न कॅमेऱ्यालाही तंतोतंत लागू पडतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. वस्तू दुरुस्त करणे किती सुलभ आहे याचा निर्देशांक ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. फ्रान्सने असा दहापैकी गुणांक जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर छापणे बंधनकारक केले. भारतातही तो केवळ मोबाइलपुरता न राहता कॅमेऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

स्वदेशीचीही परीक्षा

हा सारा दोष परकीयांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक नव्हे. मिक्सर, पंखे, पाणी तापवण्याची यंत्रे यांच्या देशी कंपन्यांकडूनही ग्राहकाला हाच अनुभव येत असेल, तर स्वदेशीचा शिक्का त्यांना क्षमापत्र ठरू शकत नाही. स्वदेशी म्हणजे केवळ कारखान्याचा पत्ता नव्हे. ग्राहक आपला आहे, त्याचा कष्टाचा पैसा आपला आहे, ही आत्मीयता वस्तूच्या घडणीत उतरली तरच ती स्वदेशी. एकेकाळी बडोद्यात तयार होणारा ‘ॲग्फा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा असंख्य मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. त्याचे तंत्र परदेशी होते, एका रिळात त्यावर १२ छायाचित्रे निघत आणि बिघडण्याजोगे त्यात फारसे काही नव्हतेच. भारतात उद्या नवे कॅमेरे वा त्यांचे सुटे भाग घडणार असतील, तर त्यांनी बाहेरच्या झगमगाटापेक्षा या साधेपणाचा कित्ता गिरवावा.

कार्यकर्त्यांना येथे मोठे क्षेत्र खुले आहे. खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय घराघरांत लावता येईल: सर्वांत जवळचे सेवाकेंद्र कोठे आहे, सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि वॉरंटी भारतातील आहे काय? चार हजार रुपये वाचवण्यासाठी बिलाविना आणलेला माल घेणारा ग्राहक आपले हक्क त्या दुकानातच सोडून येतो, हेही स्पष्टपणे सांगावे लागेल. सातारा, कराड, सांगली, मिरज येथे जे मोजके कॅमेरा-मेकॅनिक आणि घड्याळजी उरले आहेत, त्यांच्या हाताखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील मुले शिकू लागली तर ही विद्या पुढच्या पिढीत जाईल. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करणाऱ्या समाजाने त्या दिवशी वस्तीत दुरुस्तीचे शिबिर भरवले, तर त्या पूजेला आजच्या काळाचा अर्थ लाभेल.

दुरुस्ती ही गरिबाची नाइलाजाची तडजोड आहे, ही समजूत बाजाराने पसरवली, कारण त्यात त्याचा लाभ होता. वस्तूचा सांभाळ, तिचा पुनर्वापर आणि कारागिराचा मान ही भारतीय गृहस्थीची अंगभूत मूल्ये आहेत. जो समाज आपली यंत्रे स्वतः उघडू शकत नाही, तो ती कधी घडवूही शकणार नाही. म्हणून दुरुस्तीचा हक्क ही काही मोजक्या हौशी छायाचित्रकारांची तक्रार न मानता राष्ट्राच्या स्वावलंबनाची पहिली पायरी मानली पाहिजे.