मुंबईतला ट्रस्ट अन् तुळजापूरचा पगार

टाटा ट्रस्टच्या विश्वस्तांमधली धुसफूस 2025 मध्ये बातम्यांत गाजली. बड्या लोकांचं भांडण, आपल्याला काय, म्हणून गावाकडे बहुतेकांनी ती बातमी अंगठ्याने वर सरकवली. पण त्याच्या आदल्या वर्षी तुळजापुरात काय झालं होतं ते आठवून पाहा.

जून 2024 च्या अखेरीस टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने शंभरावर कंत्राटी प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याच्या नोटिसा काढल्या. मुंबई, हैदराबाद, गुवाहाटीबरोबर त्यात तुळजापूर केंद्रातलेही होते. हे केंद्र 1986 पासून धाराशिव जिल्ह्यात आहे, ग्रामीण विकास शिकवतं. कारण काय? या लोकांचे पगार टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून व्हायचे आणि पुढचं अनुदान वेळेत आलं नव्हतं. ओरड झाली, ट्रस्टने पैसे देण्याचं कळवलं, दोन दिवसांत नोटिसा मागे. निभावलं म्हणायचं.

हा पैसा येतो कुठून तेही बघा. टाटा सन्स या मूळ कंपनीची सुमारे 66 टक्के मालकी धर्मादाय ट्रस्टांकडे आहे. सर रतन टाटा ट्रस्ट 1919 चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट 1932 चा. कंपनीने लाभांश दिला की तो ट्रस्टकडे जातो, तिथून शाळा, दवाखाने, पाणलोट, कलेचं जतन अशा कामांना. म्हणजे वर विश्वस्तांचं जमेना, तर खालच्या मंजुऱ्या रेंगाळण्याची भीती असतेच.

परळच्या टाटा हॉस्पिटलची गोष्ट मात्र वेगळी. 1941 मध्ये ते ट्रस्टने उभं केलं, पण 1962 पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्यामुळे गावातून कॅन्सरचा पेशंट घेऊन जाणाऱ्याला ट्रस्टच्या बैठकीत काय ठरलं याची फिकीर करावी लागत नाही. ट्रस्टने सुरू केलेलं काम पुढे कुणीतरी कायमचं अंगावर घेतलं, हाच तुळजापूर आणि परळमधला फरक.

गावात कुठल्याही ट्रस्टची गाडी आली की नारळ फुटतो, फोटो निघतात. करार किती वर्षांचा, नंतर पाण्याच्या मशीनचं फिल्टर कोण बदलणार, ऑपरेटरला पगार कोण देणार, हे ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये क्वचितच येतं. खरं तर वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाण्याचा खर्च बसवता येतो. फक्त तो आराखड्यात आधी धरावा लागतो, ट्रस्टची माणसं निघून गेल्यावर नाही.