भंगाराचा ठेका नको, पार्टची ऑर्डर मागा

पोस्ट लांब आहे आणि काहींना झोंबणार आहे. तरी पूर्ण वाचा.

सुपा एमआयडीसीत नवी कंपनी आली की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. लेबरचा ठेका कुणाला? आणि भंगार कुणाचं? आत बनतं काय, त्याचे सुटे भाग कुठून येतात, त्यातला एखादा तरी नगर-पारनेरच्या पोराला बनवता येईल का, हे विचारणारा पुढारी मी अजून पाहिलेला नाही.

चीनच्या मायडिया कंपनीने 2018 साली सुप्यात पायाभरणी केली. 1,350 कोटींच्या गुंतवणुकीची घोषणा झाली. एसी, फ्रिज, कॉम्प्रेसर. एका एसीत कॉम्प्रेसर, तांब्याची नळी, मोटर, सर्किट बोर्ड, पत्रा, प्लास्टिक, किती भाग असतात मोजा. हल्लीचे कारखाने माल साठवून ठेवत नाहीत, लागेल तेव्हा लागेल तेवढाच मागवतात. म्हणजे गेटवर एक गाडी अडवली की आत अख्खी लाइन थांबते. 'वाटाघाटी' करायला गेलेल्या आमच्या शूरवीरांना हे कळतं का? कळतं. म्हणूनच तर गाडी अडवतात!

आता जगात काय चाललंय ते बघा. 2023 च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मिळ धातूंच्या लोहचुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि जगभरच्या वाहन कंपन्यांचे धाबे दणाणले. एवढंसं चुंबक, पण त्याच्यावाचून मोटर अडते. तेव्हापासून मोठ्या कंपन्या एकच गोष्ट शोधताहेत: जवळचा, वेळेवर माल देणारा, भरवशाचा पुरवठादार. हीच आपली संधी होती. आणि आपण काय दाखवतोय? गेटवरची दादागिरी.

कंपनीला भांडत बसायची गरज नसते. ती गुपचूप पुढची लाइन दुसरीकडे टाकते. आंध्रात श्रीसिटीला डायकिन आणि ब्लू स्टारचे एसी कारखाने उभे आहेत, चेन्नईची बंदरं जवळ. आपली स्पर्धा शेजारच्या तालुक्याशी नाही, त्यांच्याशी आहे.

लांब कशाला, संभाजीनगर बघा. 1985 मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. त्याच साली तिथे अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग बनवणारा एक छोटा उद्योग निघाला. आज ती एन्ड्युरन्स कंपनी आहे, इटली-जर्मनीत तिचे कारखाने आहेत. कुणी म्हणेल, मालक बजाजांच्या नात्यातले. असतील. सोयरिकीने पहिली ऑर्डर मिळते, युरोपात माल खपत नाही. तो क्वालिटीवरच खपतो.

"मग भूमिपुत्रांनी ठेके घ्यायचे नाहीत का?" जरूर घ्या. जमीन ज्याची गेली त्याचा हक्क पहिला. पण खरं सांगा, ठेका कुणाला मिळतो? गाड्यांचा ताफा घेऊन फिरणाऱ्या चार जणांना. आणि जमीन देणाऱ्याचा पोरगा त्याच गेटवर शिट्टी घेऊन बारा तास उभा असतो, तोही ठेकेदाराच्या पगारावर.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एमआयडीसीत जागा घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने कोणते भाग बाहेरून घेते त्याची यादी द्यावी आणि जिल्हा उद्योग केंद्राने ती जाहीर करावी. नगरच्या जॉबवर्कवाल्या वर्कशॉपना टेस्टिंग आणि क्वालिटी सर्टिफिकेटसाठी मदत मिळावी. संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम दोन-अडीच तासांवर आहे, आपली आयटीआयची पोरं तिथे पाठवा. आणि गाडी अडवणाऱ्यावर पक्ष न बघता गुन्हा दाखल करा.

ज्या नगरात लूना बनली, त्या नगरला एसीचा पार्ट जड नाही. भंगार विकून एक घर चालतं, पार्ट बनवून गाव चालतं.

पुढच्या सभेत नेता आला की एवढंच विचारा: साहेब, ठेके किती मिळवले ते राहू द्या, ऑर्डरी किती आणल्या?