एकटीचे लांब धावणे

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की दौंड-शिरूरच्या रस्त्यांवर पहाटे मुलामुलींची झुंबड उडते. दौंडला तर राज्य राखीव पोलीस बलाचे पाच आणि सात क्रमांकाचे गट आहेत. वर्दीतली माणसे धावताना पाहतच तेथील मुले मोठी होतात. जिल्हा पोलिसांसाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, राखीव बलासाठी ५ किलोमीटर. तेवढ्याचा सराव होतो, यादी लागते, आणि यादीत नाव असो वा नसो, बूट खाटेखाली जातात. आम्हाला आज त्या बुटांविषयी बोलायचे आहे.

जगभरचे मॅरेथॉन धावणारे एका सरावावर फार भर देतात. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, दीड-दोन तास सावकाश आणि बहुधा एकट्याने धावायचे. वेग इतकाच ठेवायचा की शेजारी कोणी असते तर त्याच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले असते. अशा धावण्याने हृदयाची ताकद वाढते, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि शरीर साठवलेली चरबी इंधन म्हणून वापरायला शिकते. आमची मुले नेमके उलटे करतात. भरतीला महिना उरला की रोज जीव तोडून पळायचे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत धावताना काही उमेदवारांचे प्राण गेले, हे वाचकांना आठवत असेल. अंतर होते ५ किलोमीटर. दिवस उकाड्याचे, पोटात अन्न नाही, रात्रभराचे जागरण, अशा स्थितीत अनेकजण रांगेत उभे राहतात. नोकरीची गरज शरीराला थांबू देत नाही. व्यवस्था नीट नसेल तर त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण सहा महिने आधीपासून शरीर तयार करणे हे तरी आपल्या हाती आहे.

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पाहा. गरीब शेतकऱ्याचे घर, शाळा सहा किलोमीटर दूर. बारावीनंतर तो सैन्यात गेला तो महार रेजिमेंटमध्ये. स्पर्धेतले धावणे त्याने हाती घेतले ते भरती झाल्यानंतर, २०१५ साली. २०२० मध्ये दिल्लीला २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन त्याने १ तास ३० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशाने. म्हणजे जेथे आमची मुले बूट काढून ठेवतात, तेथून त्याने सुरुवात केली.

आता मुलींचे. मुलाने पहाटे पाचला कडी काढली तर आई चहा टाकते. मुलीने काढली की आतून आवाज येतो, "कुठं निघालीस गं एवढ्या अंधारात? उजेड पडू दे." आईची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. रस्त्यावर कुत्री असतात आणि कुत्र्यांहून वाईटही काही असते. पण उजेड पडेपर्यंत पाणी भरायची वेळ होते, मग डबे, मग कॉलेजची गाडी, आणि धावणे राहून जाते. बाईमाणसाला लांब धावणे झेपत नाही ही समजूत काही आपल्याकडचीच नाही. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया ८०० मीटर धावल्या, तर काही दमलेल्या दिसल्या एवढ्यावरून ती शर्यत काढून टाकली, ती परत आली १९६० मध्ये. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हायला तर १९८४ साल उजाडले. आमच्याच राज्यातल्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली.

तेव्हा धावू द्यायचे, पण रस्ता विचारपूर्वक निवडायचा. दौंडहून कुरकुंभचा रस्ता सरळ आहे खरा, पण गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंधारात अंगावर येतात. शिरूरला नगर रस्त्यावर रांजणगावच्या कारखान्यांच्या बसगाड्या भरधाव असतात. त्यापेक्षा गावातूनच, दिव्यांच्या रस्त्यांनी तीन-चार किलोमीटरचा फेरा आखावा आणि तोच पाच वेळा घ्यावा. प्रत्येक फेऱ्याला आपले घर लागते, ओट्यावर पाण्याचा तांब्या ठेवता येतो, आईलाही मुलगी दिसते. धावताना उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे. कानात गाणी नकोत. अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवावे आणि चौथ्या आठवड्याला कमी करावे.

पाण्याला कमी लेखू नये. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघालेले सैनिक चाळीस किलोमीटरच्या आसपास चालून सकाळी भीमा-कोरेगावला पोचले. मॅरेथॉनएवढीच ती वाट. पुढे दिवसभर अन्नपाण्यावाचून लढले. तो प्रसंग युद्धाचा होता. सरावात तहान सोसण्यात शौर्य नाही. तासाभराहून जास्त धावायचे असेल तर चिमूटभर मीठ, साखर नि लिंबू पिळलेले पाणी जवळ असावे. एप्रिल-मे मध्ये सूर्य वर यायच्या आत घरी परत.

रात्रपाळी करून आलेला बाप सुरुवातीचे काही रविवार सायकलवर दहा-वीस पावले मागे राहिला, तरी ते तिचे एकटीचेच धावणे असते. त्याने "लवकर, लवकर" मात्र म्हणू नये. आणि मुलीला लवकर धाप लागते, चढावर डोळ्यांपुढे अंधारी येते, असे दिसले तर "तुझ्याने होत नाही" म्हणण्याआधी सरकारी दवाखान्यात तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलींमध्ये रक्त कमी असणे फार आढळते. लोहाच्या गोळ्या तेथे फुकट मिळतात. त्या जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात, चहाबरोबर नव्हे. चहाने लोह अंगी लागत नाही.