सैन्यभरतीचा मक्ता

ब्रिटनचे भूदल आक्रसत चालले आहे आणि त्याचे खापर तरुण पिढीच्या माथी फोडणारांची तेथे वाण नाही. तरुणांत देशभक्ती उरली नाही, त्यांना शिस्त नको आहे, असा सूर वारंवार लावला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. तरुण भरतीच्या दारापर्यंत आले होते. ते दार उघडण्याचे कामच सरकारने नफ्याच्या बाजारात विकून टाकले होते.

२०१२ साली कॉन्झर्व्हेटिव्ह व लिबरल डेमोक्रॅट पक्षांच्या आघाडी सरकारच्या काळात भूदलाच्या भरतीचे काम कॅपिटा या खाजगी कंपनीकडे दहा वर्षांच्या ४९.५ कोटी पौंडांच्या कराराने सोपविण्यात आले. यातून २६.७ कोटी पौंड वाचतील, असे सांगितले गेले. स्थानिक भरती-कार्यालये घटवून केंद्रीय, संगणकाधारित पद्धत आणण्यात आली. परिणाम काय झाला, हे ब्रिटनच्याच राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर २०१८ च्या अहवालात नमूद केले आहे. २०१३ पासून एकाही वर्षी भरतीचे उद्दिष्ट गाठले गेले नव्हते. दरवर्षीची तूट २१ ते ४५ टक्के होती. संगणकयंत्रणा ५२ महिने उशिरा, नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. अर्ज केल्यापासून प्रशिक्षण सुरू होईपर्यंत उमेदवाराला ३२१ दिवसांपर्यंत तिष्ठत बसावे लागत होते. २०१७-१८ मध्ये ४७ टक्के अर्जदार आपण होऊन बाहेर पडले.

यात नवल ते कोणते? सैनिक व्हायला येणारा सामान्य तरुण बहुतांशी कामगाराच्या घरातला असतो. साडेदहा महिने बिनपगारी वाट पाहणे त्याला परवडत नाही. मिळेल ती नोकरी धरून तो निघून जातो आणि वर 'बेपर्वा' हे दूषणही त्यालाच मिळते.

जे आत जातात, ते तरी का टिकावेत? १९९६ साली मेजर सरकारने सैनिक-कुटुंबांची सुमारे ५७ हजार घरे अ‍ॅनिंग्टन कंपनीला विकली आणि तीच घरे पुन्हा भाड्याने घेतली. भाडे कंपनीला, दुरुस्तीचा बोजा मात्र सरकारवर, असा तो अजब सौदा! ओल आणि बुरशी यांविषयी सैनिक-कुटुंबे वर्षानुवर्षे तक्रारी करीत राहिली. अखेर जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ३६ हजार घरे जवळजवळ ६०० कोटी पौंड मोजून परत घ्यावी लागली. मूळ विक्रीतून मिळाले होते अवघे १६६ कोटींच्या आसपास. या अनुभवानंतरही शहाणपण आलेले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये भरतीचे नवे कंत्राट सर्को या दुसऱ्या खाजगी कंपनीला जाहीर झाले. मक्तेदार बदलला, मक्ता कायम राहिला.

भारतातील कष्टकऱ्यांनी या प्रकरणाकडे परक्याचे दुखणे म्हणून पाहता कामा नये. येथेही कोविडच्या काळात भरती रखडली. शारीरिक व वैद्यकीय चाचणी उत्तीर्ण झालेले हजारो तरुण लेखी परीक्षेची वाट पाहत राहिले. जून २०२२ मध्ये त्यांच्या हाती आली 'अग्निपथ' योजना. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंतच कायम, आणि उरलेल्यांना ना पेन्शन ना ग्रॅच्युइटी, अशा अटींवर ती जाहीर झाली. ब्रिटनमध्ये राज्यकर्त्यांना सैनिक टिकवता येत नाहीत. येथे टिकू इच्छिणाऱ्यालाच निरोप देण्याची तरतूद केली गेली. मार्ग भिन्न, हिशेब एकच: गणवेशातील श्रमिकावरचा खर्च शक्य तितका टाळायचा.

सैनिकाच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्यांना म्हणूनच साधे प्रश्न विचारले पाहिजेत. भरती ठरलेल्या मुदतीत होणार की नाही? नोकरी कायम असणार की नाही? राहायला कोरडे घर आणि म्हातारपणी पेन्शन मिळणार की नाही? हे प्रश्न गावोगाव विचारणे, भरतीच्या आशेने पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या तरुणांना त्यासाठी संघटित करणे, हे लोकशाहीवादी चळवळीचे कर्तव्य आहे.