लेपाची किंमत कोणी मोजायची?

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे पटणे कठीण. हौसेला मोल असतेच. प्रश्न एवढाच की ते कोणाच्या नावे खर्ची पडते. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या छंदाच्या छोट्या मोटारगाड्या, त्यांच्या एक्झॉस्टच्या नळीवर दिला जाणारा सिरॅमिकचा लेप, हा विषय काही वाचकांना पोरखेळ वाटेल. पण याच लहानशा नळीत हा प्रश्न मला स्पष्ट दिसला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या गाडीविषयी थोडे. आज छंदाच्या बहुतेक गाड्या बॅटरीवर धावतात. तरीही खऱ्या इंजिनाचा आवाज आणि धूर ज्यांना हवा असतो, त्यांच्यासाठी लहान टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाड्या आहेत. त्यांचे इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण. मुठीत मावेल एवढे हे इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेऊ शकते. अशा इंजिनात एक्झॉस्टची नळी म्हणजे केवळ धूर बाहेर सोडायची वाट नव्हे, तर तो इंजिनाचाच एक भाग होय.

आपल्या कन्नड विभागातील मित्रांना म्हैसूरची येझ्दी ठाऊक असेल. १९९६ पर्यंत ती तिथे तयार होत होती. १९८५ साली भारतात आलेली यामाहा आर. एक्स. १०० तर आजही गल्लोगल्ली ऐकू येते. टू-स्ट्रोकचे तत्त्व या साऱ्यांत एकच. धुराची लाट नळीतून पुढे जाते, निमुळत्या टोकावर आपटून परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. लाट वेळेवर परतली तर ताकद मिळते, उशिरा आली तर वाया जाते. लाटेचा वेग वायूच्या उष्णतेवर अवलंबून असतो. नळी थंड पडली की वेग घटतो आणि सगळे गणित बिघडते. म्हणून नळीतील उष्णता आतच राखणारा लेप उपयोगी पडतो. यात थोतांड काही नाही.

मात्र हाच लेप इंजिनाच्या हेडवर देणे म्हणजे भर उन्हाळ्यात माणसाला घोंगडी पांघरणे! हेडवरच्या पातळ पात्या असतातच मुळी उष्णता हवेत टाकण्यासाठी. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेते. लेपात वापरले जाणारे झिर्कोनिया त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही नेत नाही. नळीवर जो गुण, तोच हेडवर दोष. शिवाय डब्यातून फवारायचा लेप बहुधा केसापेक्षाही पातळ असतो, तेव्हा त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. मोठ्यांचीही इथे फसगत झाली आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत कमिन्स कंपनी आणि तिथले लष्कर यांनी सिरॅमिकचे अस्तर देऊन पाण्याने थंड न करावे लागणारे डिझेल इंजिन बनवण्याचा मोठा प्रयत्न केला. राखलेली बरीचशी उष्णता अखेर धुराबरोबरच निघून गेली, वंगणाला ती सोसेना, आणि ते इंजिन बाजारात स्थिरावले नाही.

येथवरचा हिशेब छंद करणारे सगळेच करतात. खरी गोष्ट पुढेच आहे.

कोणताही लेप गुळगुळीत, तेलकट धातूवर टिकत नाही. त्याआधी पृष्ठभाग खरबरीत करावा लागतो. त्यासाठी दाबाच्या हवेने कणांचा मारा करतात आणि अनेक छोट्या शेडमध्ये हे कण म्हणजे साधी वाळू असते. उज्जैनला नानाखेडा भागात माझे मामा राहतात. शिंदेशाहीच्या काळात माळव्यात गेलेल्या अनेक मराठी घराण्यांपैकी त्यांचे एक. मामेभावाने आपल्या गाडीची नळी लेपासाठी जिथे दिली, तिथे मी सोबत गेलो होतो. नळी टीचभर. काम दहा मिनिटांचे. वाळूचा मारा करणारा मुलगा आमच्याच वयाचा. तोंडाला रुमाल बांधलेला, भुवया पांढऱ्या. भावाने लेपाचा रंग विचारला, किती उष्णता सोसेल ते विचारले, पैसे कमी करून घेतले. त्या रुमालाबद्दल आम्ही दोघांनीही काही विचारले नाही. विचारायचे असते हे कोणी शिकवलेलेही नाही.

वाळू म्हणजे सिलिका. ती आपटून फुटली की तिची धूळ होते. त्यातले पाच मायक्रॉनहून लहान कण डोळ्यांना दिसत नाहीत, रुमालाने अडत नाहीत आणि फुफ्फुसात थेट खोलवर जातात. तिथे व्रण धरतात. हाच सिलिकोसिस. त्यावर इलाज नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो आणि क्षयाला वाट करून देतो. यासाठी फार दूर पाहायला नको. उज्जैन विभागातच मंदसौर आहे. तिथल्या पाटीवरच्या पेन्सिली देशभरच्या मुलांनी वापरल्या. १९८० नंतरच्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तिथले कामगार तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस आढळला. मुलांच्या हातात पेन्सिल आली, ती कापणाऱ्यांच्या छातीत धूळ गेली.

आपण घालतो त्या फिकट केलेल्या जीन्सचीही कथा तीच. तुर्कस्तानात कापडावर वाळूचा मारा करणारे तरुण कामगार या रोगाने दगावले, तेव्हा २००९ साली तिथे ही पद्धत बंद करण्यात आली. ब्रिटनने तर ओतीव वस्तू वाळूच्या माऱ्याने साफ करण्यास १९४९ च्या नियमांनीच मनाई केली होती. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसला नोंद बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातले. पण दहापेक्षा कमी माणसांची शेड सहसा त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० सालीच दाखवून दिले की वस्तूच्या किमतीत न उमटणारा खर्च समाजातल्या दुसऱ्याच कोणाला तरी भरावा लागतो. आपण हे परीक्षेत लिहितो आणि दहा गुण मिळवतो. लेपाच्या बिलात मजुरी असते, माल असतो, नफा असतो. त्या मुलाच्या फुफ्फुसाची घसारा-नोंद मात्र कोणत्याच खात्यात नसते. यंत्राचा घसारा दरवर्षी मांडायचा आणि माणसाचा मांडायचा नाही, हे कसले हिशेबशास्त्र?

यावर कोणी म्हणेल, एका टीचभर नळीने काय होणार? नळी टीचभर हे खरे. पण त्याच शेडमध्ये फाटके, चाके, पंपांचे भाग दिवसभर येतात. आणखी कोणी म्हणेल, असे प्रश्न विचारून गरिबाचे काम जाईल. वास्तविक काम बंद करा असे कोणी म्हणतच नाही. वाळूऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइड, काचेचे मणी किंवा पोलादाचे कण वापरता येतात. हात तेवढे आत घालून काम करण्याची बंद पेटी आणि धूळ ओढून घेणारा पंखा असला की बराच धोका टळतो. यासाठी कामामागे थोडे पैसे अधिक पडतील. हौस आपली आहे, तेव्हा ते आपणच द्यावेत. आणि फवाऱ्याच्या लेपासाठी छोटी नळी तर पाणी लावून पॉलिश पेपरने घरीही घासता येते.

बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरचे शिरोली ही दोन्ही ठिकाणे ओतकामावर वाढली. आपल्यापैकी अनेकांच्या घरची चूल तिथल्या वाळूवर पेटते. म्हणून एक सूचना करून थांबतो. आपल्या वाणिज्य मंडळाने एक पानभर मजकूर तयार करावा: वाळू का नको, पेटी कशी असावी, रुमाल का पुरत नाही. मराठी आम्ही लिहू, कन्नड त्या विभागातील मित्रांनी लिहावे, आणि दोन्ही भाषांतले ते पान उद्यमबागेतील शेडमध्ये आपण स्वतः जाऊन लावावे. भाषेवरून या शहरात पुष्कळ वाद झाले. धूळ मात्र आत शिरताना कोणाची भाषा विचारत नाही.