जुन्या लॅपटॉपला नवी बॅटरी : किमतीआधी वय पाहा

मुंबई, प्रतिनिधी

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेल्या लॅपटॉपचे काय करायचे, हा प्रश्न असंख्य घरांत उभा राहिला. यंत्र टाकाऊ झालेले नसते. मुलांचा अभ्यास, हिशेब, पत्रव्यवहार ही कामे त्यावर व्यवस्थित होतात. रडगाणे असते ते बॅटरीचे. चार्जर काढला की अर्ध्या तासात पडदा काळा पडतो. अशा वेळी नव्या लॅपटॉपपेक्षा नवी बॅटरी केव्हाही स्वस्त. मात्र बाजारातील पर्यायांची तुलना करण्यासाठी लागणारी माहितीच ग्राहकापुढे नसल्याने निवड केवळ किमतीवर होते आणि तेथेच फसगत होते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सर्वत्र तीनच पर्याय आढळतात. पहिला, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची मूळ बॅटरी. दुसरा, अन्य उत्पादकाची ‘कम्पॅटिबल’ बॅटरी. आणि तिसरा, जुन्याच खोक्यात नवे सेल बसवून घेण्याचा.

‘ओरिजिनल’ म्हणजे ताजी नव्हे

मूळ बॅटरी महाग असली तरी निर्धोक, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. ती पूर्ण चार्ज करून उष्ण जागी ठेवल्यास हा ऱ्हास अधिक वेगाने होतो. एखादे मॉडेल बंद होऊन पाच-सहा वर्षे लोटली असतील, तर त्याची सीलबंद मूळ बॅटरीही तितकीच वर्षे गोदामात पडून असण्याचा संभव असतो. अशा वेळी अलीकडेच तयार झालेली चांगल्या उत्पादकाची कम्पॅटिबल बॅटरी सरस ठरू शकते. त्यामुळे पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, उत्पादनाच्या तारखेचा असायला हवा.

दुसरी गल्लत क्षमतेच्या आकड्यांत होते. वेष्टनावर ठळक छापलेला ‘एमएएच’चा आकडा एकटा फसवा असतो, व्होल्टेजने गुणल्याशिवाय त्याला अर्थ नाही. १०.८ व्होल्टची ४४०० एमएएच बॅटरी सुमारे ४७.५ वॉट-अवर ऊर्जा साठवते. १४.८ व्होल्टची ३२०० एमएएच बॅटरीही जवळजवळ तेवढीच साठवते. पहिला आकडा मोठा दिसला, तरी लॅपटॉप चालण्याच्या वेळेत फरक पडत नाही. म्हणून तुलना वॉट-अवरमध्येच करावी आणि व्होल्टेज जुन्या बॅटरीशी जुळते का, हेही तपासावे. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे दंडगोल सेल असतात. अशा उत्तम सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या घरात थांबते. तीन-तीन सेलच्या दोन रांगा असलेली बॅटरी त्यामुळे सात हजारांच्या पुढे जाऊ शकत नाही. सहा सेलमध्ये दहा हजारांचा दावा दिसला, तर तो खोटाच समजावा.

स्वस्तात वाचते काय?

स्वस्त बॅटरीत काटछाट होते ती सेलच्या प्रतीत आणि संरक्षक सर्किटमध्ये. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज होऊ नये, तापमान वाढल्यास प्रवाह तुटावा, ही कामे हे सर्किट करते. ते निकृष्ट असले, तर धोका केवळ पैशांचा उरत नाही. अर्थात नामांकित कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. सोनीचे सदोष सेल वापरल्यामुळे २००६ मध्ये डेलला सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत बोलवाव्या लागल्या आणि त्याच वर्षी अॅपलनेही सुमारे १८ लाख बॅटऱ्या मागे घेतल्या. फरक इतकाच, की तेथे परत बोलावणारे कोणीतरी होते. निनावी बॅटरीच्या बाबतीत जबाबदार धरायला कोणी सापडत नाही.

सेल बदलून घेण्याचा पर्याय आकर्षक वाटतो, पण खोक्यातील चिप जुनीच क्षमता लक्षात ठेवते आणि सेल सुटे करताच कधी कायमची बंदही पडते. सेल जोडण्याचे काम कुशल हाताचे आणि योग्य यंत्राचे आहे. ते नसेल, तर या वाटेला न जाणेच बरे.

भारतात लिथियम बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकानुसार भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वेष्टनावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो आणि तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर पडताळता येतो. दोन मिनिटांचे हे काम फारच थोडे ग्राहक करतात. उत्पादनाची तारीख मात्र अनेकदा सांकेतिक अंकांत दडलेली असते.

नियमांची पोकळी

काही उत्पादकांनी तर अन्य कंपनीची बॅटरी ओळखून चार्जिंगच नाकारण्याची सोय यंत्रात करून ठेवली. २०१२ च्या सुमारास आलेल्या लेनोव्होच्या थिंकपॅड मालिकेत हा अनुभव येतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार, काही अपवाद वगळता, १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षे ती सुटी मिळाली पाहिजे आणि सॉफ्टवेअरचा अडसरही घालता येणार नाही. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. तथापि त्यात भर माहिती देण्यावर आहे, सक्तीवर नाही.

खर्च करण्यापूर्वी विंडोजमधील ‘बॅटरी रिपोर्ट’ काढून मूळ आणि सध्याची क्षमता पडताळणे हिताचे. यंत्र विंडोज ११ किंवा लिनक्सवर सुरक्षितपणे चालणार नसेल, तर महागडी बॅटरी घेण्यात हशील नाही. जुनी बॅटरी फुगली असेल, तर मात्र हिशेब करत न बसता वापर तत्काळ थांबवावा. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराकडे नवी बॅटरी मागताना जुनी परत घेणार का, हेही विचारायला हरकत नाही.